काशव्वाचा कापूर

अण्णा,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तिसऱ्या दिवशी महेशनं तुमच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली होती. "आत्या, बाबांच्या लहानपणचं माणूस आता तुम्ही एकट्याच," तो म्हणाला. "काहीतरी गोड लिहा." शोकसभा झाल्यावर मात्र त्यानं निरोप पाठवला, की पानं नकोत. तोवर मी लिहायला बसले होते, आणि हातातलं काम अर्धं टाकायची मला सवय नाही. तेव्हा लिहून पूर्ण करते. एक प्रत महेशला देईन, ठेवली तर ठेवील. दुसरी टोरांटोला ईरा आणि नील या माझ्या नातवंडांना जाईल. त्यांना मराठी वाचता येतं, पण सावकाश, म्हणून सोपं आणि सरळ लिहिते.

तुम्ही किती वर्षं शिकवलंत, कोणकोणते पुरस्कार घेतलेत, ते इतर लोक लिहितील. ते सगळं खरं आहे. मला तुमचा राग आहे, हेही खरं आहे. राग जुना आहे, पण मी तो शिळा होऊ दिलेला नाही.

मुलांना आधी आपलं घर सांगते. अणदुरात खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर आपलं दुकान होतं. पुढच्या बाजूला भंडारा, खोबरं, उदबत्ती, कापूर, आत किराणा. अप्पा गल्ल्यावर बसायचे. अव्वा, म्हणजे आपली आई, सदा आजारी, त्यामुळं तुम्हाला आणि मला वाढवलं ते काशव्वा आत्यानं. ती अप्पांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. दुकानामागं पत्र्याची एक खोली होती, जादा माल ठेवायची. आत्या तिथंच झोपायची. खोलीची किल्ली तिच्या कनवटीला असे. तिची जीभ तिखट होती. देवळाचा गुरव उधार भंडारा मागायला आला की म्हणायची, "देव तुमचा, भंडारा आमचा, आन नवस फेडायचा गिऱ्हाइकानं. लई सोयीचं हाय बघा."

तुम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे, मी दहाची. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. निजामाचं राज्य, त्यामुळं तुमची शाळा उर्दूतली आणि ती जिल्ह्याच्या गावी. शाळेच्या कागदावर उस्मानाबाद लिहिलेलं असे; आपण घरात धाराशिवच म्हणायचो. सुट्टीत घरी आलात की तुम्ही मला तुमची पुस्तकं वाचून दाखवायचात. मला उर्दू येत नव्हतं. तुम्ही एक ओळ वाचायचात आणि तिचं आपल्या बोलीत सांगायचात. "जो जगह घेरे और वजन रखे, वह माद्दा. म्हंजे जागा अडवती आन वजन भरती ती वस्तू. दगड, पानी, वारा, समदं माद्दाच."

"वारा कसा? वाऱ्याला कुठं वजन हाय?" मी विचारलं.

तुम्ही घंगाळात पाणी भरलंत. पेल्याच्या बुडाशी चिंधी कोंबलीत आणि पेला उपडा करून सरळ पाण्यात दाबलात. वर काढला तर चिंधी कोरडी. "आत वारा बसलाय. त्यानं जागा सोडली न्हाय, मग पानी कुठून जाईल?" वजनाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. ते मला पुढं सोलापूरला मिळालं. पण ती कोरडी चिंधी हातात घेतली तेव्हा मला जे वाटलं, ते नंतर कुठल्याही प्रयोगशाळेत वाटलं नाही. त्याबद्दल मी तुमची आजही ऋणी आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागतं.

दुकान हीच आपली शाळा होती. एक माप चुरमुरे आणि एक माप मीठ तुम्ही तराजूच्या दोन पारड्यांत टाकलंत. मिठाचं पारडं धाडकन खाली गेलं. "माप तेच, मग वजन येगळं का?" मी विचार करून सांगितलं, की चुरमुऱ्यात वारा भरलाय. तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत आणि आतल्या बाजूला ओरडून सांगितलंत, "आत्या, शांती शहाणी हुयालीय." आतून आत्या म्हणाली, "मग सांडलेले चुरमुरे भरायला सांग तिला. शहाण्यांनी सांडायचं आन येड्यांनी भरायचं, असलं चालायचं न्हाय हितं."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला कापूर दाखवलात.

लढाईमुळं कापूर मिळेनासा झाला होता. अप्पांनी सोलापूरहून, करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून, एक पत्र्याचा डबा भरून वड्या आणल्या होत्या. त्या चंपाषष्ठीच्या गर्दीसाठी राखून ठेवल्या होत्या. डब्यात त्यांनी मूठभर काळे मिरे टाकले, झाकणाच्या कडेला मेण लावलं, वर चिंधी गुंडाळली आणि डबा पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवला. मुलांनो, मिरे कशासाठी, तर आपल्याकडं कापराच्या डबीत मिरे टाकतातच. उघडा कापूर उडून जातो हे सगळ्यांना माहीत असतं. मिरे टाकले की तो उडत नाही, असं सगळे मानतात. माझ्या आईनं टाकले, तिच्या आईनं टाकले. मिऱ्यांनी काहीही होत नाही.

तुम्ही आत्याकडं किल्ली मागितलीत. "शाळंच्या कामाला पायजे," म्हणालात. तिनं विचारलं नाही, काढून दिली. तुम्ही मेण खरवडलंत, एक वडी काढलीत. मी शेजारी उभी होते. चुलीतली गरम राख पाटीत घेऊन तिच्यावर तुम्ही पितळी वाटी ठेवलीत, वाटीत वडीचा चुरा, वर दुसरी वाटी उपडी, आणि तिच्यावर ओलं फडकं. थोड्या वेळानं वरची वाटी उचललीत, तर आतून पांढऱ्या सुया चिकटलेल्या, बारीक, चमकणाऱ्या. खालच्या वाटीत पाण्याचा थेंब नव्हता.

"बर्फाचं पानी हुतंय, पान्याची वाफ. ह्यो मधी थांबतच न्हाय. घट्टाचा एकदम वारा," तुम्ही म्हणालात. "ह्याला तसईद म्हणत्यात. आन ताप लागतोच असं बी न्हाय. नुसता उघडा ठेवला तरी जातोय, फकस्त सावकाश."

"मग मिरे?"

"मिरे काय करनार? झाकन घट्ट पायजे. मिरे म्हंजे बायांची समजूत."

"आन ह्यो वास?"

"वास म्हंजे कापूरच की. त्याचाच बारीक भाग उडून नाकात जातो. वास आला म्हंजे तेवढा कापूर गेला."

मग तुम्ही झाकण लावलंत. मेण मोडलं होतं, ते परत लावलं नाहीत. चिंधी तेवढी गुंडाळलीत. वैशाख होता. पत्र्याखाली दुपारी हात ठेववत नव्हता. सहा महिने तो डबा तसाच राहिला, आणि सहा महिने आत्या त्या खोलीत झोपली.

दिवाळीला तुम्ही घरी होता. चंपाषष्ठीची तयारी म्हणून अप्पांनी डबा ओट्यावर आणून उघडला. शेजारचे दोन व्यापारी बसले होते, गुरव होता, अव्वा दारात होती. डबा अर्ध्यावर आला होता. उरलेल्या वड्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या.

अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी मिरे तळहातावर घेतले आणि सगळ्यांना दाखवले. "मिरे हायत तेवढे हायत. मिरे ऱ्हायले आन कापूर गेला?" मग त्यांनी मेणाचा मोडका तुकडा उचलला. "आन हे कुनी फोडलं?"

एक व्यापारी म्हणाला, "खोलीत कोन असतंय?"

दुसरा आत्याकडं बघत हळूच बोलला, "म्या बोलनार न्हवतो. पर काशव्वाच्या लुगड्याला कापराचा वास येतोय, महिना दोन महिने झालं."

येत होताच. तिच्या लुगड्याला, उशीला, केसांना, सगळ्याला येत होता. हरवलेला कापूर तिच्या अंगावरच होता अण्णा, वारा होऊन बसलेला. त्या ओट्यावर हे कळणारी माणसं दोनच होती, तुम्ही आणि मी.

अप्पांनी बेल आणि भंडारा ताटलीत ठेवला. "उचल म्हंजे झालं," म्हणाले. खंडोबाच्या गावात बेलभंडारा उचलून खोटं कोणी बोलत नाही, आणि जो उचलत नाही तो दोषी.

आत्या म्हणाली, "उचलते की. पर डब्याला ज्यांचा ज्यांचा हात लागला त्यांनी समद्यांनी उचलायचा. म्या एकलीच न्हाय."

हे बोलताना तिनं तुमच्याकडं बघितलं नाही. तुम्हाला आठवत असेल; मी तर विसरूच शकत नाही. ती ताटलीकडं बघत होती. तुमचं नाव तिच्या ओठावर होतं आणि तिनं ते घेतलं नाही. ते तुम्ही घ्यावं म्हणून तिनं जागा सोडली होती.

अप्पा म्हणाले, "माझ्या लेकरांना भंडारा उचलायला लावतीस व्हय? माझ्याच दारात?"

मी पुढं झाले. "अप्पा, कापूर उडतोय. मिरे असले तरी उडतोय. अण्णानं मला दाखवलंय."

सगळे तुमच्याकडं वळले. शिकलेला पोरगा, सरकारी शाळेतला. अप्पांनी हातातली काठी ओट्यावर टेकून विचारलं, "व्हय रे? मिरे असल्यावर कापूर उडतो का? तुमच्या पुस्तकात काय लिव्हलंय?"

तुम्ही म्हणालात, "न्हाय अप्पा. मिरे असल्यावर उडत न्हाय. ती ल्हान हाय, सपनात बघितलं असंल तिनं."

एवढंच. ते हसले. तुम्हीही थोडे हसलात.

आत्या आत गेली आणि आपली पेटी घेऊन बाहेर आली. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं ती ओट्यावर उलटी केली. दोन लुगडी, विभूतीचा गोळा, फणी, मयत नवऱ्याचा एक रुमाल. "बघून घ्या," म्हणाली. "मागनं म्हनू नगा, झाकून न्हेलं." रुमाल तिनं व्यवस्थित चार घड्या घालून परत ठेवला. दुसऱ्या दिवशी जळकोटच्या बाजाराला निघालेल्या एका बैलगाडीत बसून ती गेली. जळकोटला तिच्या सासरच्या नात्यातलं कोणीतरी होतं. तिथं ती लोकांचं धान्य निवडून आणि दळून राहिली.

मी त्यानंतर काय केलं, ते तुम्हाला माहीत आहे, पण मुलांना सांगते. मी कापूर चोरला. आपल्या घरातली खरी कापूरचोर एकच, ती मी. दोन सारख्या डब्या घेतल्या, वेलदोडे-केशर जोखायच्या काट्यावर दोन्हींत गुंजेला गुंज लावून सारखा कापूर ठेवला. एकीत मिरे टाकले, दुसरीत नाही. दोन्ही झाकणं ढिली. दर बाजारच्या दिवशी मी तो कापूर जोखायचे आणि वहीत लिहायचे. दोन्हीकडचा कापूर सारखाच उतरत गेला. उन्हाळा लागल्यावर दोन्हीकडं जास्त वेगानं. पुढच्या दिवाळीला एकीत नुसते मिरे उरले होते आणि दुसरीत काहीच नाही. वही मी अप्पांपुढं ठेवली. त्यांनी सगळी पानं बघितली. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुजं." त्यांना कळलं होतं. पण कळल्यावर जळकोटला जावं लागलं असतं.

त्याच हिवाळ्यात तुम्ही अप्पांकडं हट्ट धरलात, की शांतीला सोलापूरला शाळेत घाला. "माझ्यापेक्षा हुशार हाय ती," म्हणालात. अप्पा नको म्हणत होते, तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मला पोचवायलाही तुम्हीच आलात, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. त्या शाळेनं मला इंग्रजी दिली, पुढं कॉलेज दिलं, नोकरी दिली. माझं सगळं आयुष्य तुमच्या त्या दोन दिवसांच्या उपासावर उभं आहे. आणि आज इतक्या वर्षांनीही मला कळत नाही, की ते तुम्ही माझ्यासाठी केलंत, की मला आणि माझ्या वहीला घरातून लांब ठेवायला. मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची. तुम्हालाही बहुतेक नक्की माहीत नसावं.

बारा वर्षांची असताना एका लग्नासाठी अव्वाबरोबर मी जळकोटला गेले आणि आत्याला शोधून काढलं. ती परक्या घराच्या पडवीत सुपात ज्वारी पाखडत होती. मी वही दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी डब्यांची सगळी हकीकत सांगितली. तिनं सूप थांबवलं नाही.

"म्या घेतला न्हाय, हे मला कळायला वही कशाला लागती गं?" ती म्हणाली. "तुज्या अप्पाला दावलीस का?"

"दावली. काय बोलले न्हायत."

"न्हायच बोलनार." मग खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "अण्णाला म्हन, म्या त्याचं नाव घेतलं न्हाय. आता त्यानं माझं घ्यावं. त्याच ओट्यावर हुबं ऱ्हाऊन येकदा म्हनावं, आत्यानं न्हाय घेतला. मग म्या येते. न्हाय तर न्हाय येत."

"आन त्यानं न्हाय म्हटलं तर?"

"म्हनंल की. म्या वाढवलाय त्याला."

मी निरोप तुम्हाला शब्दाला शब्द पोचवला. तुम्ही म्हणालात, "अप्पा हायत तोवर नगं." नंतर रझाकारांची धामधूम सुरू झाली, आपण सगळे सरहद्द ओलांडून सोलापूरला निघून गेलो. आत्या जळकोटातच राहिली. पोलीस ॲक्शन झाल्यावर परत आलो तेव्हा कळलं, की ती पावसाळ्यातच गेली. शेजारपाजारच्या लोकांनी तिला माती दिली. मी तुम्हाला म्हटलं, आता तरी सांगा. तुम्ही म्हणालात, "आता कुनासाठी?" मग अप्पा गेले. मी परत विचारलं. तुम्ही म्हणालात, "आता अप्पांच्या नावाला कशाला बट्टा?" प्रत्येक वेळी कोणीतरी मेलेलं तुमच्या उपयोगाला आलं.

आणि इकडं अणदुरात तिची म्हण झाली. कोणाची वस्तू दिसेनाशी झाली, की "काशव्वाचा कापूर झाला." रहाटाचा दोर, शेळी, खुरपं. माणसं बदलली, आत्या कोण होती हे कोणाला ठाऊक राहिलं नाही, पण म्हण राहिली. ज्या बाईनं आयुष्यात कधी कोणाचं काही उचललं नाही, तिचं नाव चोरीला लागून सत्तर वर्षं चाललं.

तुम्ही पुढं विज्ञानाचे शिक्षक झालात. चांगले झालात, हे मी नाकारत नाही. दरवर्षी आठवीच्या वर्गात तुम्ही राखेवर वाटी ठेवून कापराच्या सुया दाखवायचात. मुलं टाळ्या वाजवायची. तेव्हा तुम्हाला ती पत्र्याची खोली कधी आठवली का? मला कधी सांगितलं नाहीत. "मिरे घातल्यानं काही होत नाही," हेही तुम्ही वर्गात सांगायचात म्हणे. शेकडो मुलांना सांगितलंत. फक्त त्या ओट्यावर सांगायचं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला ईरा आणि नील आले होते, तेव्हा मी त्यांना तुमच्याकडं अणदूरला आणलं. नीलचा एक मोजा सापडेना. तुमची सून सहज म्हणाली, "गेला, काशव्वाचा कापूर झाला." मुलांना फार गंमत वाटली. दिवसभर ती तेच म्हणत राहिली. तुम्ही आरामखुर्चीत पेपर वाचत होता. पेपर खाली आला नाही. मागच्या महिन्यात ईरा फोनवर मला म्हणाली, "आजी, माझं खोडरबर काशव्वाचा कापूर झालं." टोरांटोत, अण्णा. माझ्या नातीच्या तोंडून.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला शेवटचं भेटायला आले. तुम्ही अंथरुणाला खिळलेले होता, पण बोलणं शाबूत होतं. मी पुन्हा विचारलं. त्या ओट्यावरच्या खोट्याचं कारण तुम्ही पहिल्यांदाच दिलंत. "शांता, अप्पांच्या हातात काठी होती. मी पंधरा वर्षांचा होतो."

मी म्हटलं, "काठीचे वळ किती दिवस राहिले असते? आठ?"

तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत. मी तुमची चादर नीट केली, पायाकडची घडी सरळ केली, औषधाच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवल्या आणि निघाले. गाडीत मी रडले. पंधरा वर्षांच्या मुलाची दया मला येते. त्याला मी केव्हाच सोडून दिलं आहे. पुढच्या सत्तर वर्षांच्या माणसाला सोडायला मी तयार नाही.

तुमची शिवगणाराधना, म्हणजे आपल्याकडचं दिवसकार्य, झाली त्याच दिवशी दुपारी तुमच्या शाळेच्या पटांगणात सभा होती. चौघे बोलले, त्यांतल्या तिघांनी कापराचा प्रयोग सांगितला. तुमचा एक विद्यार्थी, आता मोठा डॉक्टर आहे, सांगताना रडला. मग महेशनं माझ्या हातात माइक दिला. मी उभी राहिले. मी म्हटलं, "माझ्या भावाचं एक बोलणं राहून गेलं आहे. ते त्यांच्या वतीनं मी बोलते. डबा मी उघडला होता. मेण मी मोडलं होतं. मिऱ्यांनी कापूर थांबत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. काशव्वा आत्यानं कापूर घेतला नाही." मग मी सगळी हकीकत सांगितली, आत्ता इथं सांगितली तशी, न चढवता, न उतरवता. आणि बसले.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं, "मंग काशव्वा खरीच बाई व्हती व्हय? मला वाटलं नुसतं म्हणायचं असतंय."

बाहेर आल्यावर महेश म्हणाला, "आत्या, आजचा दिवस होता का हे बोलायचा?"

"दिवस तुझ्या बाबांनी निवडायचा होता," मी म्हटलं. "त्यांनी नाही निवडला."

"ते आता उत्तर देऊ शकत नाहीत."

"उत्तर द्यायला आत्याही इथं नव्हती, जळकोटला होती," मी म्हटलं. त्यानंतरच त्याचा निरोप आला, की पानं नकोत.

पण एवढ्यानं म्हण मरत नाही, हे मला कळतं. माणसं सभा विसरतात, म्हण विसरत नाहीत. म्हणून परवा मी ईराला आणि नीलला फोन करून बसवलं. आत्याची गोष्ट सांगितली. ती म्हण या घरात पुन्हा निघायची नाही, असं बजावलं. ईरानं विचारलं, "मग हरवलेल्या वस्तूला काय म्हणायचं?" मी म्हटलं, "हरवली म्हणायचं." मग मी त्यांना दुसरी म्हण दिली, तुमची. माणसाला खरं माहीत असतं आणि स्वतःची चूक झाकायला तो भलतंच कारण शहाण्यासारखं पुढं करतो, त्याला म्हणायचं, अण्णांचे मिरे.

तुम्हाला हे आवडणार नाही. तुमची पुण्यतिथी होईल, फोटोला हार पडतील, शाळेच्या एखाद्या खोलीला तुमचं नावही देतील. देऊ देत. मी त्यात काही बोलणार नाही.

काल रात्री आपल्या जेवणाच्या वेळी, म्हणजे तिकडं सकाळी, नीलचा फोन आला. शाळेला उशीर झाला होता आणि त्याची आई, माझी मुलगी, बाईंसाठी चिठ्ठी लिहीत होती, की बर्फामुळं रस्ता बंद होता. रस्ता उघडा होता. सगळे झोपून राहिले होते. नील मला तक्रार सांगत होता, आणि मागून त्याची आई त्याला गप्प करत होती.

"आजी," तो म्हणाला, "आई अण्णांचे मिरे घालतेय."

मी त्याला टोकलं नाही.